‘डीजे’ हा शब्द आणि तबकड्या जुळवण्याचे शिक्षण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या दैनिकात ‘डीजेमुक्त मिरवणुकीचा निर्धार’, ‘डीजेच्या दणदणाटाने ज्येष्ठ नागरिक त्रस्त’, ‘मध्यरात्री डीजे जप्त’ अशा मथळ्यांच्या बातम्या येऊ लागतात. त्या बातम्यांमागच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे, हे आधीच सांगून टाकतो. साताऱ्यातले आमचे घर मिरवणुकीच्या मार्गावर आहे, माझ्या आईचे वय 79 आहे, आणि विसर्जनाच्या रात्री खिडक्यांची तावदाने थरथरू लागली की आम्ही तिला मागच्या खोलीत नेतो आणि तिच्या उशाशी बसून राहतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे, आणि राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही बंदी मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. हे नियम काटेकोरपणे पाळले जावेत, असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे आहे ते एका शब्दाविषयी, आणि त्या शब्दाच्या ढिल्या वापरामुळे ज्या विद्येकडे आपण नीट पाहीनासे झालो आहोत, तिच्याविषयी.

‘डीजे’ हे ‘डिस्क जॉकी’चे लघुरूप. तबकड्या निवडून त्या लोकांना ऐकवणाऱ्या माणसाला हे नाव आधी अमेरिकेतल्या रेडिओवर पडले आणि तेथून ते नाचघरांत गेले. आपल्याकडे पुण्यात हा शब्द ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला चिकटला. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये स्थापन केलेली कंपनी प्रथम ओळखली गेली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. म्हणजे आवाज स्वच्छ करण्यासाठी झटलेल्या माणसाचे नाव एका जिल्ह्यात आणि गाण्याला गाणे जोडणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्या जिल्ह्यात, अशी दोन्ही नावे आपण लाकडी खोक्यांच्या ढिगाला देऊन बसलो आहोत. बोलीत असे घडते आणि लोकांच्या तोंडचा शब्द कोणी हुकमाने बदलू शकत नाही, हे मला मान्य आहे. वर्तमानपत्रातला छापील शब्द मात्र विचार करून निवडलेला असतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. अडीच वर्षांपूर्वी, वयाच्या 44 व्या वर्षी, मी दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, तबकड्या जुळवायला, म्हणजे एका गाण्याच्या ठेक्यावर दुसऱ्याचा ठेका बसवून ती सलग वाजवायला, शिकू लागलो. महिन्यातले दोन रविवार पहाटेच्या एसटीने पुण्याला जातो, दोन तास शिकतो आणि संध्याकाळी परततो. उरलेले दिवस घरी सराव करतो. माझे शिक्षक पंचविशीतले आहेत, म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना अहो-जाहो करतो. दोघांनाही पहिले चार-सहा आठवडे अवघडल्यासारखे झाले, आता सवय झाली आहे.

पहिल्या दिवशी मी जुन्या बाजारातून घेतलेल्या दोन हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घेऊन गेलो होतो. दोन्हींतली गाणी उडत्या चालीची होती, दोन्हींचा ठेका मला सारखाच वाटत होता, आणि एक संपत असताना दुसरे अलगद सुरू करायचे एवढेच काम आहे, अशी माझी समजूत होती. तासभर प्रयत्न करूनही दोन गाणी सलग दहा सेकंदसुद्धा एकत्र चालली नाहीत. त्यावर शिक्षक म्हणाले, “सर, यात माणसं वाजवतायत. ती अंतऱ्याला थोडी पुढे जातात, मुखड्याला परत येतात. आधी यंत्राचा ठेका घ्या, माणसांचा नंतर.” सत्तरच्या दशकातल्या गाण्यांमध्ये ढोलक, बोंगो, ड्रम सारे हाताने वाजवलेले असते आणि वाद्यवृंदाचा श्वास गाण्याबरोबर कमी-जास्त होतो; ऐकणाऱ्याला त्यातच गोडी वाटते, पण शिकाऊ हाताला ते पेलत नाही. त्यांनी मला एकाच तबकडीच्या दोन प्रती दिल्या, यंत्राच्या ठेक्याच्या, आणि तीन आठवडे दुसरे काही वाजवू दिले नाही.

येथे वाचकांसाठी थोडे गणित मांडतो. मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येला या क्षेत्रात बीपीएम म्हणतात. 120 बीपीएमच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. त्याच्या जोडीला 121 बीपीएमचे गाणे लावले, तर कागदावर फरक एका ठोक्याचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. दोन्ही गाणी अगदी एका क्षणी सुरू केली, तरी अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या ठोक्याने फाकतात आणि एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत पडू लागतो. ज्यांनी पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकला आहे, त्यांना हा आवाज चांगला ठाऊक असेल. ताशा पुढे निघून जातो, मागच्या रांगेतले ढोल क्षणभर उशिरा पडू लागतात, आणि एका दणक्याच्या जागी ‘धडधड’ असे दोन दणके ऐकू येतात. पथकाचा प्रमुख ताबडतोब हात वर करून वादन थांबवतो. तबकड्या जुळवणाऱ्याला थांबण्याची सोय नसते. समोर लोक नाचत असतात आणि चालत्या गाण्यातच त्याला ती रांग सावरून घ्यावी लागते.

ते सावरण्यासाठी टर्नटेबलाच्या उजव्या बाजूला एक सरकपट्टी असते, तिला पिच म्हणतात. टेक्निक्सच्या एसएल-1200 या यंत्राची पहिली आवृत्ती 1972 मध्ये आली. तिची 1979 मधली दुसरी आवृत्ती जगभरच्या नाचघरांत रुजली. तिच्यात ही सरकपट्टी आहे आणि वेग 8 टक्क्यांपर्यंत वाढवता किंवा घटवता येतो. म्हणजे 120 चे गाणे जास्तीत जास्त 129.6 पर्यंत नेता येते आणि 110.4 पर्यंत खाली आणता येते. तबकडीचा वेग बदलला की सूरही बदलतो. साधारण 6 टक्के वेग वाढवला की सारे गाणे पेटीच्या एका पट्टीने, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनवर जावे तसे, वर चढते. म्हणून कोणते गाणे कोणत्या गाण्याजवळ न्यायचे, हे ठरवतानाच निम्मा निर्णय झालेला असतो.

खरी कसोटी कानाची आहे. हेडफोनची एक बाजू डाव्या कानावर असते आणि तिच्यात लोकांना अद्याप ऐकू न येणारे पुढचे गाणे वाजत असते. उजवा कान मोकळा असतो आणि त्यात खोलीत चाललेले गाणे येत असते. दोन कानांनी दोन गाणी ऐकायची आणि त्यांतले पुढे कोण चालले आहे, मागे कोण पडले आहे, ते ओळखायचे. सुरुवातीला मला ते मुळीच ओळखता येत नसे. काहीतरी बिघडले आहे एवढे कळे, पण कोणत्या बाजूने बिघडले आहे ते कळत नसे, आणि मी पट्टी उलट्या दिशेला सरकवून बिघाड वाढवत असे. त्यावर शिक्षकांनी सांगितलेला उपाय मी प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला सांगेन. दुसरी तबकडी मुद्दाम जास्त वेगावर ठेवायची, म्हणजे ती पुढेच धावणार हे आधीपासून माहीत असते. मग तिला बोटाने थोडी थोडी रोखत आणि पट्टी केसाकेसाने खाली आणत जायचे. दिशा ठाऊक असली की कानाला फक्त अंतर मोजायचे काम उरते.

बोट कोठे लावायचे, यालाही शास्त्र आहे. पुढे गेलेल्या तबकडीला रोखायचे असेल, तर फिरत्या थाळीच्या कडेला, जेथे उंच ठिपक्यांच्या रांगा असतात तेथे, करंगळी नुसती टेकवायची, दाबायची नाही. मागे पडलेल्या तबकडीला पुढे ढकलायचे असेल, तर मधल्या कागदी लेबलावर दोन बोटे ठेवून ती फिरण्याच्या दिशेने हलकेच सरकवायची. मी पहिल्यांदा करंगळी दाबली, तेव्हा गाणे रडल्यासारखे खाली घसरले आणि शेजारच्या खोलीतून आईने विचारले, “काय पडलं रे?” आता माझी करंगळी थाळीला लागते तेव्हा घरात कोणालाच काही कळत नाही. एवढी हलकी करंगळी व्हायला मला चार महिने लागले.

न्यूयॉर्कमध्ये ‘सँक्च्युअरी’ नावाचे एक नाचघर होते, पूर्वीच्या चर्चच्या इमारतीत. तेथे 1970 च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा तरुण खालची थाळी फिरती ठेवून तबकडी हाताने धरून ठेवत असे आणि नेमक्या ठोक्यावर सोडत असे. एक गाणे दुसऱ्याच्या ठेक्यावर चढवून ती दोन्ही बराच वेळ एकत्र चालवण्याची रीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यालाच दिले जाते. त्याच्या हातातल्या साऱ्या तबकड्यांवर जिवंत वादकांचेच ड्रम होते. ज्या कारणासाठी माझी पहिल्या दिवसाची हिंदी गाणी बाजूला ठेवली गेली, तीच अडचण त्याच्यापुढे रोज रात्री होती आणि ती त्याने हाताने सांभाळली. हे कळल्यापासून त्या दोन तबकड्या मी कपाटात वरच्या खणात ठेवल्या आहेत. वर्षातून दोनदा काढतो आणि प्रयत्न करतो. गेल्या दिवाळीत चाळीस सेकंदांपर्यंत पोहोचलो.

माझ्या विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचा वाटतो तो न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातला ग्रँडमास्टर फ्लॅश हा डीजे. त्याच्या आधी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, 1520 सेज्विक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात जमैकातून आलेल्या कूल हर्कने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या, आणि त्या रात्रीला हिप-हॉपची जन्मरात्र मानतात. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लोकांना सर्वांत जास्त नाचवतो, हे हर्कने हेरले होते आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो तो तुकडा लांबवत असे. फ्लॅशने त्या कामात मोजमाप आणले. तबकडीवर रंगीत खडूने खूण करायची आणि ती खूण किती वेळा फिरून गेली ते मोजून तेवढ्याच फेऱ्या तबकडी उलटी फिरवायची. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी होते. गाणे 100 बीपीएमचे असेल, तर एका फेरीत नेमक्या तीन मात्रा येतात. मग आठ मात्रांचा तुकडा पुन्हा वाजवायचा तर तबकडी किती फिरवावी लागेल? हे उदाहरण मी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. दोन पूर्णांक दोन तृतीयांश, हे उत्तर मागच्या बाकावरच्या एका मुलाने सर्वांत आधी दिले आणि नंतर विचारले की दोन तृतीयांश फेरी डोळ्यांनी कशी ओळखायची. त्याला घड्याळाच्या आकड्यांची कल्पना दिली: खूण बारावर असेल तर पूर्ण दोन फेऱ्या उलट्या आणि पुढे बारावरून उलटे येत चारवर. त्या दिवशी मिश्र अपूर्णांकांविषयी मला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

ठोके जुळले म्हणजे काम झाले, असाही एक समज असतो आणि तो मीही सहा महिने बाळगला होता. ठोके जुळलेले असूनही माझे दोन गाण्यांचे मिश्रण विस्कटलेले वाटे. मी मात्रा मोजत होतो, आवर्तन मोजत नव्हतो, हे त्याचे कारण. नाचाचे बहुतेक संगीत चार मात्रांच्या आठ गटांनी, म्हणजे 32 मात्रांनी, वळण घेते: तेथे नवे वाद्य येते, गायन सुरू होते किंवा ठेका क्षणभर थांबतो. तीनतालाची दोन आवर्तने म्हणजेही 32 मात्राच. लहानपणी चार वर्षे तबला शिकल्याचा मला जर कोठे उपयोग झाला असेल, तर तो येथे. पुढचे गाणे चालत्या गाण्याच्या समेवर सोडले, तर दोघांची वळणे एका जागी येतात आणि ऐकणाऱ्याला एक गाणे कधी संपले व दुसरे कधी लागले ते सांगता येत नाही. समेऐवजी पाचव्या किंवा नवव्या मात्रेवर सोडले, तर प्रत्येक ठोका अचूक असूनही गायिका दुसऱ्या गायिकेच्या तोंडातला शब्द हिसकावून घेते.

खर्जाचेही असेच. दोन गाण्यांचे दोन खर्ज एकाच वेळी पूर्ण ताकदीने वाजले की आवाजात गाळ साचतो. म्हणून मिक्सरवर, म्हणजे दोन्ही गाण्यांचे आवाज कमी-जास्त करून मिसळण्याच्या यंत्रावर, येणाऱ्या गाण्याचा खर्ज आधी पूर्ण काढून ठेवायचा, नुसत्या झांजा आणि टाळ्या आत येऊ द्यायच्या, आणि वळणाच्या जागी एका हाताने जुन्याचा खर्ज उतरवत दुसऱ्या हाताने नव्याचा चढवायचा. हे नीट साधले की खोलीतला आवाज वाढत नाही, पण जमीन बदलल्यासारखी वाटते.

तबकडी वाचताही येते, हे मला ठाऊक नव्हते. टेबलावरचा दिवा तिरका करून पाहिले की खाचांमध्ये गडद आणि फिकट वलये दिसतात. जेथे वादन कमी, तेथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि गडद दिसतो, आणि जेथे सारी वाद्ये भरात आहेत, तेथे तो करडा, खरबरीत दिसतो. गाण्यात शांत भाग किती अंतरावर येणार आहे, हे सुई टेकवण्याआधीच कळते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून एकेका बाजूवर एकच लांब गाणे असलेल्या 12 इंची तबकड्या निघू लागल्या. त्यांत खाचांना भरपूर जागा मिळाल्यामुळे आवाज भरदार झाला, आणि आरंभी व अखेरीस नुसता ठेका ठेवण्याची पद्धत पडली. ती नुसत्या ठेक्याची मोकळी जागा आमच्यासारख्यांसाठीच असते. साताऱ्याच्या पावसात या तबकड्या सांभाळणे हे एक वेगळेच काम आहे. जुलैपासून बुरशीचे पांढरे ठिपके धरतात आणि दर पंधरवड्याला शुद्ध केलेल्या पाण्याने व मऊ फडक्याने त्या पुसून, सावलीत उभ्या करून वाळवाव्या लागतात.

हवामानामुळे विद्याच कशी बदलते, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत रात्रभर चालणाऱ्या नाचांत तबकड्यांचा उपयोग फारसा होत नसे, कारण उन्हाने त्या वाकतात आणि धुळीने खराब होतात. तेथे कॅसेट आणि पुढे डॅट या अंकीय फिती वापरल्या गेल्या. डॅटच्या यंत्रावर सहसा वेग बदलण्याची सोय नसे, म्हणून ठेक्यावर ठेका चढवणे अवघड होते, आणि गाण्यांच्या आरंभी व शेवटी ठेका नसलेले लांब सुरावटींचे पट्टे ठेवून तेथे सांधा जोडला जाई. 2023 मध्ये निवर्तलेला तिथला नामांकित डीजे गोवा गिल अखेरपर्यंत डॅटवरच वाजवत राहिला. किनाऱ्यावरच्या त्या मेजवान्यांविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील. मला लक्षात राहते ते एवढेच की सोय नाही म्हणून त्या लोकांनी सांध्याची जागाच नव्याने शोधली.

आजचा विद्यार्थी बहुधा लॅपटॉपला जोडलेल्या कंट्रोलरवर शिकतो, आणि त्यावर ‘सिंक’ नावाचे एक बटण असते. ते दाबले की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप एक होतो. मी या बटणाच्या विरोधात नाही. एक नवी तबकडी दोन ते तीन हजार रुपयांच्या घरात पडते, टर्नटेबलांची जोडी बाळगणे प्रत्येकाला शक्य नाही, आणि ज्याला गाण्यांची निवड आणि क्रम यांतच रस आहे, त्याचा वेळ या बटणाने वाचतो. पण ज्याने कानाने कधी जुळवलेच नाही, त्याला यंत्र चुकले की काय करावे हे समजत नाही, आणि यंत्र चुकते. 70 च्या गाण्याला ते 140 चे समजते, हाताने वाजवलेल्या ढोलकीचा पहिला ठोका भलत्याच जागी धरते. म्हणून माझी शिकणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की पहिले सहा महिने पडद्यावरचे आकडे कागदाने झाकून सराव करावा. मीही एका मित्राच्या कंट्रोलरवर तसाच सराव केला, आणि झाकलेला आकडा नंतर पाहिल्यावर माझा अंदाज अर्ध्या ठोक्याच्या आत आलेला असे, तेव्हा झालेला आनंद मला शाळेतल्या पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

हे सारे शिक्षण कमी आवाजात होते, हे आपल्या वाचकांना कळावे असे मला फार वाटते. मोठ्या आवाजात दोन ठोक्यांमधली सूक्ष्म फट ऐकूच येत नाही. शिवाय कान हेच ज्याचे हत्यार, त्याने ते जपायचे असते. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन आणि 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. माझ्या शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात मला कानात घालायचे बोळे घ्यायला लावले आणि हेडफोनचा आवाज किती असावा याची खूण मिक्सरवर पांढऱ्या चिकटपट्टीने करून दिली. ती चिकटपट्टी अजून आहे.

आता त्या शब्दामुळे काय होते, ते सांगतो. गेल्या वर्षी आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी मला सरावाला दुसरी खोली हवी होती. एका क्लासचे सभागृह दुपारी रिकामे असते असे कळले. फोनवर मी ‘डीजेचा सराव’ असे म्हटले आणि पुढचे वाक्य पूर्ण होण्याआधी नकार आला. दुसऱ्या ठिकाणी मी ‘जुन्या तबकड्या ऐकतो’ असे सांगितले, तर खोली लगेच मिळाली, आणि दोन महिन्यांत एकही तक्रार आली नाही. खोटे बोललो नाही, तरी आपल्या विद्येचे नाव झाकून जागा मिळवावी लागली, याचे मला दुःख आहे. मी नोकरदार माणूस आहे, माझे निभावले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी घरी हा शब्द उच्चारला की काय होत असेल, याचा विचार करावा.

तसा एक प्रसंग माझ्यासमोर घडला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला हे शिकायचे होते आणि तो माझ्याकडे सरावाला येऊ लागला. त्याचे वडील मला भेटायला आले. त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे आणि उत्सवात तो ध्वनिवर्धक वाहून नेण्यासाठी भाड्याने जातो, त्यामुळे त्या भिंतीशी त्यांची ओळख माझ्यापेक्षा कितीतरी जवळची आहे. “सर, तुम्ही शिक्षक असून पोराला डीजेच्या नादाला लावता?” असे त्यांनी दारातच विचारले. त्यांचा राग मला समजला. मी त्यांना आत नेले, खुर्चीवर बसवले आणि मुलाला नेहमीसारखा सराव करायला सांगितला. खोलीत आवाज एवढाच होता की आम्ही दोघे साध्या स्वरात बोलू शकत होतो. मुलगा डोके एका बाजूला कलवून, डाव्या कानावर हेडफोन दाबून, करंगळी थाळीच्या कडेला टेकवून उभा होता. तीन वेळा त्याचे चुकले आणि तीनही वेळा त्याने तबकडी मागे घेऊन पुन्हा सुरुवात केली. चौथ्या वेळी दोन्ही गाणी एकावर एक बसली आणि दीड-दोन मिनिटे तशीच चालली. वडिलांनी विचारले, “आता कुठलं वाजतंय?” मी म्हणालो, “दोन्ही.” ते उठून यंत्राजवळ गेले आणि दोन्ही तबकड्या फिरताना बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “आमच्या गाडीवर तर पेन ड्राइव्ह लावून देतात आणि मालक चहाला जातो.” मुलगा अजून येतो. टेम्पोही अजून भाड्याने जातो; त्यावर त्यांचे घर चालते आणि त्याविषयी मी त्यांना काही बोललो नाही.

मिरवणुकीतल्या प्रत्येक गाडीवर पेन ड्राइव्हच असतो, असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी खरोखर गुणी मुले वाजवत असतात आणि मराठी लोकगीतांची त्यांनी केलेली मिश्रणे मी आवडीने ऐकली आहेत. ती मुलेही डीजेच आहेत, आणि कायद्याची मर्यादा ओलांडली तर त्यांच्यावरही कारवाई व्हावी. ती कारवाई आवाजाच्या पातळीमुळे व्हायची आहे, तबकडी किंवा गाणे जुळवण्यामुळे नाही, एवढा फरक बातमीत दिसला पाहिजे.

म्हणून आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती अशी आहे की, येत्या उत्सवापासून पोलिसांनी ट्रकवरची यंत्रणा जप्त केली असेल, तर ‘डीजे जप्त’ऐवजी ‘ध्वनिवर्धक जप्त’ असे छापावे. न्यायालयाने किंवा प्रशासनाने आवाजावर बंदी घातली असेल, तर ‘आवाजाच्या भिंतींना बंदी’ असे लिहावे, हा शब्दप्रयोग आपल्याच पानांवर मी अनेकदा वाचला आहे आणि तो चांगला मराठी आहे. मथळ्यात तो काही अक्षरे जास्त घेतो, हे मी मोजून पाहिले आहे. ‘डीजे’ हा शब्द गाण्याला गाणे जोडणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावा. शिवाय आपल्या रविवारच्या पुरवणीत गायन, वादन, नृत्य यांच्या शिक्षणाविषयी जे सदर येते, त्यात एखाद्या आठवड्यात या शिक्षणालाही जागा मिळाली, तर साताऱ्यासारख्या गावांतल्या मुलांना आपल्या पालकांपुढे ठेवायला एक छापील कात्रण मिळेल. सदरासाठी कोणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर शनिवारी शाळा सुटल्यावर दुपारी तीन ते पाच मी घरी सराव करतो. दोन खुर्च्या मोकळ्या असतात आणि आई चहा करते.

आपला नम्र,
गणिताचा एक शिक्षक व आपला नियमित वाचक,
सातारा